ईजीआर कूलर डिझाइन करायचा क्रम: कॅड उघडायच्या आधीपासून टेस्ट बेंचपर्यंत

जानेवारी लागला की फायनल इयरची पोरं ईजीआर कूलरचा प्रोजेक्ट घेऊन येतात, आणि नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीकडच्या छोट्या शॉपमधले नवीन डिझायनर पण अधूनमधून ड्रॉइंग पाठवतात. ड्रॉइंग छान असतं, शेल (बाहेरचं नळकांडं), नळ्या, फ्लँज सगळं जागच्या जागी. पण विचारलं की भाऊ, गॅस किती येऊन राहिला, किती अंशाला, कोणत्या प्रेशरला, तर उत्तर येत नाही. म्हणजे कूलर आधी काढला आणि मग त्याला बसतील असे आकडे शोधणं सुरू झालं. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं क्रमाने लिहून काढतो.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की डिझेल इंजिनच्या एक्झॉस्टचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडतात, त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. तो परत जाणारा गरम गॅस वाटेत इंजिनच्याच कूलंटने थंड करायचा, त्या डब्याला ईजीआर कूलर म्हणतात. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलंय, कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि सोबत करत चला.

टप्पा ०: कॅडच्या आधी एक कागद

या कागदावर सहा गोष्टी पाहिजेत: गॅस किलो प्रति तास किती, कूलरच्या तोंडाशी त्याचं तापमान, त्याचं अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर, गॅस बाहेर किती अंशाला पाहिजे, किती प्रेशर ड्रॉप चालेल, आणि कूलंट किती लिटर प्रति मिनिट व किती अंशाला मिळणार. सातवी गोष्ट जागा, म्हणजे इंजिनवर किती लांबी-रुंदी मोकळी आहे.

गॅस टर्बोच्या आधी घेतला की डीपीएफच्या (एक्झॉस्टमधली काजळी गाळणाऱ्या फिल्टरच्या) नंतर, हेही लिहा. टर्बोच्या आधीचा म्हणजे हाय प्रेशर ईजीआर, त्यात काजळी भरपूर. डीपीएफच्या नंतरचा त्या मानाने साफ. दोघांचा कूलर सारखा होत नाही, आणि नेटवरून उचललेला रेफरन्स नेमका कोणता आहे हे कोणी पाहतच नाही. खालचं उदाहरण हाय प्रेशरचं आहे.

तपासून घ्या: यातला एक जरी आकडा "अंदाजे घेतला" असेल तर समोर तसं लिहून ठेवा. महिन्याभराने तोच अंदाज रिपोर्टमध्ये मोजलेला आकडा म्हणून बसलेला दिसतो.

टप्पा १: गॅस किती ते काढा

४ लिटरचं टर्बो डिझेल धरू, २००० आरपीएमवर. फोर स्ट्रोक आहे, म्हणजे दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो, म्हणून मिनिटाला ४ × १००० = ४००० लिटर, तासाला २४० घनमीटर. इथे दोनने भागायचं राहून गेलं की सगळा कूलर दुप्पट होतो, आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या रिपोर्टमध्ये पाहिलीय. मॅनिफोल्डमध्ये बूस्ट धरून घनता २.१ किलो प्रति घनमीटरच्या आसपास, म्हणजे सिलिंडरमध्ये एकूण साधारण ५०० किलो प्रति तास. ईजीआर २० टक्के असेल तर गॅस १०० किलो प्रति तास, म्हणजे ०.०२७८ किलो प्रति सेकंद.

सांभाळा: २० टक्के म्हणजे हवा अधिक ईजीआर या बेरजेच्या २० टक्के. काही जण फक्त ताज्या हवेचे २० टक्के काढतात, मग गॅस कमी निघतो आणि कूलर लहान पडतो.

टप्पा २: उष्णता आणि इफेक्टिव्हनेस

गॅस ५०० अंशाला आत येतो, कूलंट ९० ला येतो, गॅस १३० ला बाहेर पाहिजे. गॅसची उष्णता क्षमता १.१ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरा.

उष्णता = ०.०२७८ × १.१ × ३७० = ११.३ किलोवॉट.

इथेच थांबून रेडिएटरवाल्याला फोन करा, खरंच करा. ही ११ किलोवॉट शेवटी रेडिएटरमधूनच बाहेर जाणार. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, वाडीच्या नाक्यावर ट्रक उभा असेल तर रस्त्यावरची हवा त्याहून गरम. कूलंट ९५ आणि हवा २५ असेल तर फरक ७०, हवा ४६ असेल तर फरक ४९. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि उष्णता फेकायची ताकद ३० टक्के कमी. पुण्या-मुंबईच्या हवेत चाललेलं डिझाइन इथे मेमध्ये का तापतं याचं बरंचसं उत्तर या एका भागाकारात आहे. म्हणून मी उन्हाळ्याची केस वेगळी चालवतो, कूलंट १०५ धरून.

आता इफेक्टिव्हनेस. मिळालेला उतार भागिले जास्तीत जास्त शक्य उतार: ३७० ÷ ४१० = ०.९०.

गॅसचा प्रवाह गुणिले क्षमता ३०.६ वॅट प्रति अंश येते. कूलंट ३० लिटर प्रति मिनिट असेल तर त्याची १८५० येते. दोघांत साठपट फरक. त्यामुळे एनटीयूचं, म्हणजे गॅसच्या प्रवाहाच्या मानाने कूलर किती मोठा ते सांगणाऱ्या आकड्याचं, सूत्र सोपं होतं: एनटीयू = वजा एलएन (१ वजा इफेक्टिव्हनेस), कॅल्क्युलेटरवरचं एलएन बटण. उत्तर २.३२. त्याला ३०.६ ने गुणलं की यूए मिळतो, म्हणजे एका अंशाच्या फरकाला कूलर किती उष्णता नेतो ते: ७१ वॅट प्रति अंश. पुढचं सगळं काम म्हणजे हा ७१ उपलब्ध जागेत बसवणं.

या साठपटीचा आणखी एक अर्थ आहे. पुस्तकात काउंटर फ्लो (गॅस आणि कूलंट विरुद्ध दिशांनी) चांगला म्हणून शिकवतात आणि पोरं डोळे मिटून काउंटर फ्लो घेतात. इथे कूलंटचं तापमान सहा अंशच वाढतं, त्यामुळे काउंटर घ्या की पॅरलल (दोन्ही एकाच दिशेने), इफेक्टिव्हनेसमध्ये फरक नावापुरता. उलट पॅरलल घेतला तर सगळ्यात गरम गॅससमोर सगळ्यात थंड आणि ताजं कूलंट येतं, आणि पाणी उकळायची भीती कमी होते. मी पॅरललच घेतो, दुसरं काही सबळ कारण नसेल तर.

टप्पा ३: नळ्या, आणि "नळ्या वाढवा" हा गैरसमज

बाहेरून ८ मिमी, आतून ७ मिमी नळी घेऊ. षटकोनी मांडणीत ३७ नळ्या नेमक्या बसतात, पिच (शेजारच्या दोन नळ्यांच्या मध्यांतलं अंतर) १० मिमी, शेल आतून साधारण ७२ मिमी.

गॅसचं सरासरी तापमान ३१५, त्याला हवेचे गुणधर्म चालतात: व्हिस्कॉसिटी ०.००००३, कंडक्टिव्हिटी ०.०४६. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळीचा ते सांगणारा) ४५०० च्या आसपास येतो, ग्नीलिन्स्कीचं सूत्र लावलं की नुसेल्ट नंबर १५, आणि त्यातून एच (गॅसकडून भिंतीला उष्णता जायचा दर) १०० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. कूलंटच्या बाजूला एच ३००० वगैरे असतं, म्हणजे अडथळा जवळजवळ सगळा गॅसच्या बाजूला. कूलंटचा पंप मोठा करून, बॅफल (कूलंटला वळवणारे आडवे पत्रे) वाढवून यू वर, म्हणजे दोन्ही बाजू धरून येणाऱ्या एकूण दरावर, दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक पडत नाही. मेहनत करायची तर नळीच्या आत.

साध्या नळीने लांबी काढली तर ०.९ मीटर येते. इंजिनवर एवढी जागा कोण देणार? आणि इथे नव्वद टक्के जण म्हणतात, सर नळ्या दुप्पट करू, लांबी अर्धी होईल.

करून पाहा. ७४ नळ्या घेतल्या की प्रत्येक नळीत गॅस अर्धा, रेनॉल्ड्स २३०० च्या खाली, प्रवाह लॅमिनार (शांत, खळबळ नसलेला), नुसेल्ट १५ वरून ३.६६ वर, एच १०० वरून २४. क्षेत्रफळ दुप्पट झालं पण एच चौथाई झालं. आता लांबी १.८ मीटर लागते! नळीच्या तोंडाशी थोडा फायदा मिळतो, तो धरला तरी ०.९ च्या जवळ येत नाही. नळ्या वाढवून कूलर दुप्पट लांब झाला, हे एकदा स्वतःच्या हाताने काढलं की आयुष्यभर लक्षात राहतं.

मार्ग वेगळा आहे: नळीला आतून खळबळ द्यायची. स्पायरल कोरुगेटेड नळी, आत दाबलेले डिंपल, किंवा चपट्या नळीत लहरी फिन. कोरुगेटेडने एच दीडपट ते दुप्पट होतं. १८० धरू, कूलंटची बाजू धरून यू १७० येतो, आणि लांबी ०.५१ मीटर. फिनने आणखी आखूड होईल, पण फिनमधल्या फटी काजळीने भरतात, म्हणून डीपीएफच्या आधीच्या गॅसला मी दाट फिन टाळतो.

तपासून घ्या: प्रेशर ड्रॉप लगेच काढा, नंतर नाही. गॅस २ बार अ‍ॅब्सोल्यूटला असेल तर वेग १६-१७ मीटर प्रति सेकंद, आणि कोरुगेटेडला फ्रिक्शन साध्याच्या तिप्पट धरला तर नळ्यांचा ड्रॉप दीड किलोपास्कलच्या आसपास, वर दोन्हीकडच्या कोनचा वेगळा. एक्झॉस्ट आणि इनटेकमधल्या प्रेशरच्या फरकावरच हा गॅस वाहतो, तो फरक खाऊन टाकला तर पाहिजे तेवढा ईजीआर जाणारच नाही.

तोंडाचा कोन पण याच वेळी बघा. फ्लँजपासून ट्यूबशीटपर्यंत (नळ्या जिच्यात बसतात ती भोकांची प्लेट) एकदम रुंद केला तर गॅस सरळ मधल्या नळ्यांत घुसतो आणि कडेच्या उपाशी राहतात. कागदावर ३७ नळ्या, काम करणाऱ्या २०.

टप्पा ४: काजळी, म्हणजे खरं डिझाइन

इथपर्यंत जे काढलं तो नवा कोरा कूलर. गाडीत तो काही तासच तसा राहतो. गरम गॅसमधली काजळी थंड भिंतीकडे आपोआप ढकलली जाते, तापमानातल्या फरकामुळेच, त्यामुळे नळी कितीही गुळगुळीत केली तरी थर बसणारच. हा थर हाताला मऊ, भुसभुशीत लागतो, आणि त्याची कंडक्टिव्हिटी ०.०४ ते ०.०५, म्हणजे जवळजवळ हवेइतकीच. स्टीलच्या नळीला आतून गोधडी पांघरल्यासारखं.

०.२ मिमी थर धरा. त्याचा अडथळा ०.०००२ ÷ ०.०४५ = ०.००४४. यू १७० वरून ९७ वर. एनटीयू १.३२, इफेक्टिव्हनेस ०.७३, गॅस बाहेर २०० अंशाला. कागदावर १३० होता! आणि नळीचा व्यास ७ वरून ६.६ झाल्याने प्रेशर ड्रॉप तिसऱ्या हिश्श्याने वाढतो तो वेगळाच.

दिलासा एवढाच की थर कायम वाढत राहत नाही. वरचा पृष्ठभाग गरम होत जातो, ओढ कमी होते, गॅसचा वेग काही भाग उडवतो, आणि इफेक्टिव्हनेस एका पातळीला येऊन टिकतो. डिझाइन त्या टिकलेल्या पातळीवर करायचं. म्हणून इंजिनवाल्यांना विचारा: काजळी बसलेल्या अवस्थेत किती अंश चालेल? समजा १७० म्हणाले. मग लागणारा यूए ५०, यू ९७, लांबी ०.६४ मीटर.

बघा, १३ सेंटीमीटर वाढवून फक्त ३० अंश मिळाले. आणि हाच कूलर नवा असताना गॅस ११३ वर आणतो. हे चांगलं वाटतं पण त्यात एक धोका आहे, तो टप्पा ६ मध्ये.

सांभाळा: "सेफ्टीसाठी २० टक्के जास्त क्षेत्रफळ" हा आकडा इथे लावू नका. वर पाहिलंत, यू अर्ध्याच्या जवळ येतो. थराची जाडी धरा आणि त्यातून काढा.

टप्पा ५: कूलंटची बाजू

गणितात ही बाजू सोपी, पण कूलर फुटतो तो इथूनच.

एका शॉपसाठी हिंगण्यात बेंचवर कूलर लावला होता, मे महिना, शेडचे पत्रे तापलेले, दुपारी दोनचा सुमार. गॅस ५०० वर नेला, आकडे नीट येत होते, आणि दहा-बारा मिनिटांनी आतून खळखळ ऐकू यायला लागली, चुलीवर आधण ठेवल्यावर येते तशी. बेंचवरचे भाऊ म्हणाले, पंपात काही अडकलं असेल. पंप ठीक होता. बंद करून, थंड करून कूलर उघडला तर गरम तोंडाकडच्या वरच्या ओळीतल्या नळ्या निळसर-जांभळ्या पडलेल्या, आणि त्यांच्या खालच्या नळ्या स्वच्छ चंदेरी. जणू पट्टी ठेवून रेघ मारलीय. त्या रेघेच्या वर हवा अडकली होती. कूलंटची दोन्ही तोंडं शेलच्या मधोमध, आडवी काढली होती, आणि ते ड्रॉइंग मी स्वतः पास केलं होतं. पाण्यात बुडवून हवा भरली तर वरच्या दोन नळ्यांच्या सांध्यातून बुडबुडे आले.

तेव्हापासून माझा क्रम असा. एक, कूलर गाडीत जसा बसणार त्याच कोनात ड्रॉइंग फिरवून बघायचं. दोन, कूलंट आत खालून आणि गरम तोंडाजवळ, बाहेर सगळ्यात उंच बिंदूतून. तीन, ते जमत नसेल तर उंच बिंदूला व्हेंट द्यायचाच. चार, ट्यूबशीटच्या अगदी मागे पाणी हलतंय का ते बघायचं, कारण इनलेट पाइप ट्यूबशीटपासून तीस मिमी मागे लावला की मधलं पाणी साचून राहतं आणि नेमकी तीच जागा सगळ्यात गरम.

आकड्यात बघा: तोंडाशी उष्णता ७० किलोवॉट प्रति चौरस मीटरच्या आसपास. कूलंटचं एच ३००० असेल तर भिंत ९० अधिक २३, म्हणजे ११३. १ बारच्या रेडिएटर कॅपखाली ५०:५० (अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल) कूलंट १२५ च्या वर उकळतं, म्हणजे चालेल. पण साचलेल्या पाण्यात एच ५०० वर आलं तर भिंत दोनशेकडे जाते, आणि उकळी ठरलेली. उन्हाळ्यात कूलंट १०५ असेल तर हातात उरतं ते अगदीच थोडं.

पाण्याचंही सांगतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आणि रस्त्यात कूलंट कमी झालं की ड्रायव्हर तेच ओततो. क्षार बसतात, आणि क्लोराइडने स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहा, आणि नळीची भिंत ठरवताना हा ग्राहक डोळ्यासमोर ठेवा.

टप्पा ६: किती थंड म्हणजे जास्त थंड

गॅसमध्ये पाण्याची वाफ आहे, आणि इंधनातल्या सल्फरमुळे सल्फ्युरिक आम्लाची वाफ. आम्ल साधारण १०० ते १४० अंशांमध्ये भिंतीवर जमू लागतं, पाणी त्याहून बरंच खाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ मुळे डिझेलमधलं सल्फर ५० वरून १० पीपीएमवर आलं, त्याने त्रास कमी झाला, संपला नाही. आणि महत्त्वाचं तापमान भिंतीचं, गॅसचं नाही. गॅस १७० असला तरी भिंत ९५ च असते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे पारा दहाच्या आसपास असतो, कूलंटही तेवढंच थंड. त्या वेळी गॅस कूलरमधून सोडला की पाणी, आम्ल आणि अर्धवट जळालेलं डिझेल एकत्र जमतं, त्यात काजळी कालवली जाते आणि डांबरासारखा चिकट थर बनतो, जो नंतर गरम गॅसने पण निघत नाही. त्यामुळे बायपास व्हॉल्व्ह (गॅसला कूलर टाळून नेणारा) पाहिजे, आणि कूलंट ६०-७० होईपर्यंत गॅस बायपासनेच गेला पाहिजे. प्रोजेक्टमध्ये बायपास दाखवलाच नसेल तर परीक्षकाने पहिला प्रश्न हाच विचारावा असं मला मनापासून वाटतं.

टप्पा ७: मटेरियल, ब्रेझिंग, प्रसरण

नळ्या ३१६एल किंवा ३०४एल. यातला एल महत्त्वाचा, कमी कार्बन, वेल्डिंगजवळ गंज लागायची भीती कमी. अ‍ॅल्युमिनियमचा विचार ५०० अंशाच्या गॅसला करूच नका. सांधे निकेल फिलरने व्हॅक्यूम भट्टीत, साधारण १०५० ते ११५० अंशाला. तांब्याचं ब्रेझिंग स्वस्त पडतं पण आम्लाचं पाणी त्याला खातं.

नळी आणि ट्यूबशीटच्या भोकातली फट ०.१ मिमीच्या आत ठेवा. भोकं ड्रिलने मारून कडेची बर (खरखरीत धार) तशीच सोडली तर फट कुठे शून्य, कुठे ०.२, आणि फिलर जिथे पाहिजे तिथे जातच नाही. भट्टीत टाकायच्या आधी तेलाचं बोट पण लागलेलं चालत नाही.

प्रसरण: नळी शेलपेक्षा २० अंश गरम असेल तर ०.६४ मीटरला फरक ०.२ मिमी, सहन होतो. पण कूलंट गेलं आणि नळी ३०० ला पोचली तर २ मिमीच्या वर. शेलवर बेलो (ताणला-दाबला जाणारा घड्यांचा भाग) द्या. आणि ब्रॅकेट दोन असतील तर एक पक्का, दुसरा सरकता, दोन्ही पक्के केले की बेलोचा उपयोग शून्य.

टप्पा ८: टेस्ट, याच क्रमाने

१. आधी पाण्याने प्रेशर टेस्ट, मग २-३ बार हवेने पाण्यात बुडवून. उलटं करू नका, हवेने भरलेला कच्चा सांधा सुटला तर माणसाला इजा होते.

२. थंड हवेवर प्रेशर ड्रॉप. गणिताशी जुळत नसेल तर गरम टेस्टकडे जाऊच नका, आत काहीतरी बंद आहे किंवा गॅस बाजूने निसटतो.

३. गरम टेस्ट. गॅसला के टाइप थर्मोकपल चालतं, पण बाहेरच्या बाजूला ते कूलरला चिकटून लावू नका, गॅस मिसळायला पाइपच्या पाच-सहा व्यासांइतकं अंतर द्या आणि टोक पाइपच्या मध्यावर ठेवा. कूलंटला के टाइप लावू नका. त्याची चूक २.२ अंशांपर्यंत चालते, आणि इथे मोजायचा फरकच सहा अंशाचा. दोन थर्मोकपल विरुद्ध बाजूला चुकले तर सहाचे दोन दिसतील किंवा दहा. पीटी १०० (प्लॅटिनमचा, जास्त अचूक सेन्सर) लावा, आणि आधी दोन्ही एकाच भांड्यातल्या गरम पाण्यात बुडवून एकमेकांशी जुळवा.

४. गॅसने दिलेली आणि कूलंटने घेतलेली उष्णता जुळली पाहिजे. पाच टक्क्यांत असेल तर पुढे जा. पंधराचा फरक असेल तर बहुतेक वेळा फ्लो मीटरमध्ये किंवा थर्मोकपलच्या जागेत घोळ असतो, कूलरमध्ये नाही.

५. काजळीची टेस्ट, तासन्‌तास. सुरू करायच्या आधी कूलर कोरडा करून वजन करा, नंतर परत करा. इफेक्टिव्हनेस दर अर्ध्या तासाने लिहा, रेघ सपाट होईपर्यंत बंद करू नका, कारण तुमचा ०.२ मिमीचा अंदाज बरोबर होता का ते फक्त त्या सपाट भागातूनच कळतं.

६. शेवटी तो कूलर उभा कापा. पैसे वाया जातात म्हणून कोणी कापत नाही, पण कापा. गरम तोंडाकडे थर कोरडा, फुंकर मारली तर उडणारा असेल तर ठीक आहे. थंड टोकाकडे बोटाला चिकटणारा, चकचकीत काळा असेल तर बायपास लवकर बंद होतोय, त्याचं तापमान दहा अंशांनी वर घ्या आणि टेस्ट पाचव्या पायरीपासून परत करा.